बिनशब्दांच्या संगीताला नाव देताना

पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात इतकी आहेत की नुसत्या नावावरून पत्ता लागत नाही. आमच्या निफाड तालुक्यातच पिंपळगाव बसवंत आहे आणि पिंपळगाव निपाणीही. येवल्याकडे पिंपळगाव जलाल, इगतपुरीकडे पिंपळगाव मोर, नाशिकला खेटून पिंपळगाव बहुला. जिल्हा ओलांडला की पाचोऱ्याचं पिंपळगाव हरेश्वर, खामगावकडचं पिंपळगाव राजा, भोकरदनचं पिंपळगाव रेणुकाई, जुन्नरचं पिंपळगाव जोगा. मूळ नाव कुणी टाकलं नाही. त्याला काहीतरी जोडलं आणि ओळख वेगळी केली. सारख्या नावांच्या या घोळावर पोस्टखात्यानं १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडचा उपाय लागू केला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात कविता करत. बसवंतच्या वाट्याला ४२२२०९ आला.

बँडांना पिनकोड नसतो. सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय वाजवणाऱ्या, ज्यांना आपण स्वतंत्र म्हणतो अशा बँडांची सगळी भिस्त नावावर असते. त्यातही पोस्ट-रॉकवाल्यांची अधिक. या संगीतात गाणं जवळजवळ नसतं. गिटार, बास, ड्रम ही सगळी रॉकचीच वाद्यं, पण मुखडा, कडवं, पुन्हा मुखडा ही चाल सोडून दिलेली. एखादा साधा सुरांचा तुकडा हलक्या हातानं सुरू होतो, त्यावर थर चढत जातात, आठ-दहा मिनिटांत आवाज छतापर्यंत पोचतो आणि ओसरतो. ऐकणाऱ्याला धरायला शब्द दोनच ठिकाणी मिळतात : रचनेच्या शीर्षकात आणि बँडच्या नावात. म्हणून या प्रकाराची आजची अवस्था तपासताना मी नावांपासून सुरुवात करतो.

‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा रूढ केली ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी, १९९४ मध्ये, ‘बार्क सायकोसिस’ या लंडनच्या बँडच्या ‘हेक्स’ या अल्बमबद्दल लिहिताना. वाट त्याआधीच पडली होती. ‘टॉक टॉक’चा ‘स्पिरिट ऑफ ईडन’ १९८८ चा, ‘स्लिंट’चा ‘स्पायडरलँड’ १९९१ चा. १९९४ पासूनच्या पाच-सहा वर्षांत ग्लासगो, माँट्रियल, रेक्याविक, टोरोंटो, ऑस्टिन, टोकियो अशा एकमेकांपासून लांबच्या शहरांत असे बँड उभे राहिले आणि त्यांची नावं पाहिली तर लक्षात येतं की कुणी फार विचार करून नाव ठेवलेलं नाही. ग्लासगोच्या ‘मोग्वाय’नं १९८४ च्या ‘ग्रेमलिन्स’ या सिनेमातल्या प्राण्याचं नाव तात्पुरतं म्हणून घेतलं, ते चिकटलं. रेक्याविकच्या बँडचं ‘सिगुर रोस’ हे गायक योन्सीच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं नाव. टोरोंटोचे ‘डू मेक से थिंक’ ज्या शाळेच्या खोलीत सराव करत तिथल्या भिंतीवर हीच क्रियापदं रंगवलेली होती. माँट्रियलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’नं मोटरसायकलवाल्या टोळीवरच्या १९७६ च्या जपानी माहितीपटाचं नाव उचललं आणि पुढं त्यातलं उद्गारचिन्ह जागेवरून हलवलं. ऑस्टिनच्या चौघांचा बँड आधी ‘ब्रेकर मोरंट’ होता. १९९९ च्या ४ जुलैला आतषबाजीकडे पाहून ड्रमर जे बोलला त्यातून ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ झालं.

ही नावं आज अटळ वाटतात ती त्यांच्यामागं उभ्या असलेल्या संगीतामुळं. ‘मोग्वाय’ म्हटलं की आता तो प्राणी कुणाच्या डोळ्यापुढं येत नाही. १९९७ च्या ‘यंग टीम’मधली, कुजबुजीतून एकाएकी अंगावर येणारी गिटार ऐकू येते.

पुढच्या पिढीचं झालं ते याच्या उलट. चालून गेलेल्या नावांचा साचा बनला आणि साच्यातून नावं पडू लागली. लेस्टरचे ‘मेबीशीविल’, सिडनीचे ‘स्लीपमेक्सवेव्ह्ज’, शेफील्डचे ‘सिक्स्टीफाइव्हडेजऑफस्टॅटिक’: अर्धंमुर्धं वाक्य घ्यायचं, शब्दांमधली जागा काढायची, सगळं लहान लिपीत लिहायचं. दुसरीकडं ‘वी लॉस्ट द सी’, ‘दिस विल डिस्ट्रॉय यू’, ‘इफ दीज ट्रीज कुड टॉक’ अशी पुरी वाक्यं. सगळ्या नावांत तोच हुरहुरीचा सूर. नव्या माणसाला यांतला कोण कुठला हे ओळखता येत नाही, आणि खेदाची गोष्ट म्हणजे पुष्कळदा ऐकूनही येत नाही. नाव सारखं झालं तेव्हाच गिटारवरचा लांबट, प्रतिध्वनीत भिजलेला स्वरही सारखा झाला होता. २००४ मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या सिनेमाला ‘एक्स्प्लोजन्स’चं संगीत लाभल्यापासून तो नाद जाहिरातवाल्यांनाही सापडला. आता तो आमच्याकडेही रोज ऐकू येतो. द्राक्षबागेत लग्नाआधीचं चित्रीकरण होतं, ड्रोन वर चढतो आणि मागं जे वाजतं ते पोस्ट-रॉकच असतं, करणाऱ्याच्या नावाशिवाय. निफाड तालुक्यात हे संगीत पोचलेलं नाही असं म्हणणं खरं नाही. ते पोचलं आहे. फक्त ऐकण्याची वस्तू म्हणून नव्हे, भरण म्हणून.

भारतात या प्रकारातलं ठळक नाव ‘अ‍ॅजवीकीपसर्चिंग’. उद्दीपन सरमा यांनी २०१३ च्या सुमारास अहमदाबादेत सुरू केलेला हा बँड. नाव पाहाल तर त्याच जोडशब्दी घराण्यातलं. बंगळुरूच्या ‘अंटिल वी लास्ट’शेजारी ठेवलं तर दोन बहिणींची नावं वाटतील. पण अल्बमांकडे वळलं की चित्र बदलतं. ‘ख्वाब’ (२०१५), ‘ज़िया’ (२०१७), ‘रूह’ (२०१९): बँडचं नाव इंग्रजी वाक्य आणि अल्बमांची नावं उर्दू, एकेका शब्दाची. मला यात या बँडची सगळी धडपड दिसते. बाहेरच्या जगानं आपल्याला ओळखावं म्हणून नाव त्यांच्या रीतीचं, आणि आत जायचं ते आपल्या वाटेनं. ‘ज़िया’मध्ये मधूनमधून हिंदी स्वर येतात, वाद्यांच्या थरांत अर्धे बुडालेले, आणि तिथं हा बँड ‘एक्स्प्लोजन्स’च्या सावलीतून सर्वांत दूर जातो. ‘रूह’ अधिक जड, गिटारींचा भार वाढलेला. ताकद आहे, पण चढत जाऊन फुटायचं हे गणित तिथं आधीच कळतं. २०२० चा ‘स्लीप’ ड्रमचा आधार कमी करून नुसत्या लांबत जाणाऱ्या नादावर उभा राहतो. मला तो त्यांचा सर्वांत धीराचा अल्बम वाटतो, कारण टाळी घेण्याची खात्रीची जागाच त्यांनी सोडून दिली आहे. दुर्दैव इतकंच की इथं अल्बमचं नावही परत इंग्रजीत गेलं.

महाराष्ट्राच्या हिशेबात नावांचा सर्वांत बोलका किस्सा पोस्ट-रॉकचा नाही, पण इथं सांगायला हवा. मुंबईत १९९४ मध्ये ‘पेंटाग्राम’ सुरू झाला : विशाल ददलानी, रँडॉल्फ कोरेया आणि साथीदार. त्याच नावाचा एक अमेरिकी बँड १९७१ पासून होता. एक चिलीत होता, एक तुर्कस्तानात. चिलीवाल्यांनी पुढं नावाला देश जोडला, ‘पेंटाग्राम चिली’. तुर्कांनी घरी तेच नाव ठेवलं आणि परदेशात ‘मेझारकाबुल’ म्हणून वाजवलं. म्हणजे चिलीवाल्यांनी पिंपळगावकरांनी केलं तेच केलं. मुंबईवाल्यांनी काही जोडलं नाही, सोडलंही नाही. त्यांच्या २०११ च्या अल्बमचं नाव होतं ‘ब्लडीवूड’; पाच वर्षांनी दिल्लीत याच नावाचा बँड निघाला आणि आज जगात ते नाव त्या दिल्लीकरांचं आहे. जपानचे ‘मोनो’ घ्या. १९९९ मध्ये टोकियोत ते सुरू झाले, त्याच्या थोडं आधी लंडनमध्ये ‘मोनो’ नावाची जोडी चांगली गाजली होती. तरी आज पोस्ट-रॉक ऐकणाऱ्याच्या मनात मोनो एकच, टोकियोचा. नाव कुणी आधी घेतलं याला संगीतात फार किंमत नाही; कोण त्यात राहिलं, वाजवत राहिलं, यानं निकाल लागतो.

मुंबईच्याच ‘रॉक मशीन’नं दुसरा रस्ता धरला. १९८४ चा हा बँड, उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांचा. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. ‘रॉक मशीन’ हे नाव परक्यांची गाणी हुबेहूब वाजवण्याच्या काळाशी जुळणारं होतं. आपली रचना, आपला नाद हवा असं ठरल्यावर ते अंगाला तोकडं पडलं असणार. पण नवं नाव दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’च्या शेजारी जाऊन बसलं. एक नदी, एक महासागर, दोन्ही देशाएवढी मोठी. नाव इतकं विशाल घेतलं की त्यात कुठलीच गल्ली दिसत नाही. हा माझा आमच्या बँडांवरचा मुख्य आक्षेप आहे. इथल्या नावांचं भांडार इंग्रजी आहे किंवा मग सरळ संस्कृत. पुण्याचा ‘अग्नी’ आणि बंगळुरूचा ‘अगम’ यांची गल्लत होते ती त्यामुळंच. गावाचं, बोलीचं, पेठेचं नाव घ्यायला कुणी धजत नाही. कोचीच्या मुलांनी आपल्या वस्तीचं नाव घेतलं, ‘तैक्कूडम ब्रिज’, आणि ते देशभर गेलं. केरळच्याच ‘अवियल’चं तर ताटातल्या भाजीचं नाव. आपल्याकडे ‘भयानक मौत’नं हिंदी भयपटाची भाषा उघड उघड घेतली, मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’नं तुकोबा-नामदेवांच्या परंपरेचं नाव सोबत घेतलं. या दोन्ही नावांची दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. पण ‘अभंग रिपोस्ट’ शब्दांवर उभे आहेत. बिनशब्दांचं नवं वाद्यसंगीत करणाऱ्यांत असं इथल्या मातीतलं नाव मला आढळलेलं नाही, आणि नुसतं नाव आढळूनही भागणार नाही. त्या नावाला पुरेल असा नाद हवा.

तो नाद कुठून येणार हा खरा प्रश्न. वाजवायच्या जागा मुंबई-पुण्यात अडकल्या आहेत, आणि तिथंही त्या टिकत नाहीत. मुंबईचं रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं, लोअर परळचं ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद झालं. पुण्याचा ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ २०१० मध्ये सुरू झाला. महामार्गाचं नाव घेतलेला हा महोत्सव, पण तो जुना सात नंबरचा महामार्ग महाराष्ट्रात नागपूरवरून जायचा, पुण्याला शिवत नव्हता. नाशिकला २००८ मध्ये ‘सुलाफेस्ट’ सुरू झाला, गंगापूर धरणाच्या बाजूला. तिथं चांगले बँड आले, पण तिकीट आणि थाट पाहता निफाडच्या कॉलेजातली पोरं तिथं जाणार नाहीत. कालिदास कलामंदिरात बसून, दिवे मंद करून दोन तास ऐकण्याचं हे संगीत आहे. त्याला मैदानी महोत्सवातली चाळीस मिनिटं मिळतात, आजूबाजूला गप्पा चालू असतात, आणि हळू सुरुवात करण्याची जी त्याची ताकद तीच तिथं मारली जाते. मराठी नियतकालिकांत याबद्दल लिहिलंही फार थोडं जातं. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत यांवर आपल्याकडे बारकाईनं लिहिणारे आहेत. नुसत्या वाद्यांच्या रॉकला मात्र कानच मिळालेला नाही.

आणि हे त्या नाशिक जिल्ह्यात, जिथं शब्दांशिवाय तासन्‌तास ऐकण्याची सवय जुनी आहे. सुरगाणा, पेठच्या डोंगरात पावरी वाजते. जिल्ह्याला लागूनच जव्हारकडे तारपा, ज्यातला एक सूर अखंड चालू राहतो आणि त्यावर नाचाची साखळी रात्रभर फिरते. तारप्याचा तो न तुटणारा सूर पोस्ट-रॉकच्या गिटारवाल्यानं एकदा मन लावून ऐकावा असं मला फार वाटतं. सजावटीला चार मात्रा उसन्या घेण्यासाठी नव्हे. आवाज वाढवत नेण्यावाचूनही माणसं रात्रभर खिळून राहतात, ते कसं, हे शिकण्यासाठी. त्याच चढणीचा कंटाळा आलेल्या या प्रकाराला तोच धडा हवा आहे.

ढोलाचं सांगायचं राहिलं. केरळात आज लग्नाची वरात, मंदिराचा उत्सव, निवडणुकीचा विजय, सगळीकडे ‘नासिक ढोल’ वाजतो. वाजवणारी मुलं तिथलीच, पथकं तिथलीच. नाव आपल्या जिल्ह्याचं. शब्द नसलेला एक नाद गावाचं नाव घेऊन हजारभर किलोमीटर गेला आणि परक्या भाषेत रुजला. ‘तैक्कूडम ब्रिज’च्या मुलखात नाशिक हे संगीताचं नाव आहे. नाशिकच्या ज्या तरुणांनी गिटार घेतली आहे त्यांच्या सरावाच्या खोलीत मात्र तो ढोल अजून शिरलेला नाही, आणि ढोलपथकातल्या पोरांना कुणी गिटारवाला भेटायला गेलेला नाही. नाव त्यानंतर ठेवता येईल.