आई दोन मिनिटं आधी पोचते

‘होम अलोन’ आवडतो, असं तिशीतल्या माणसानं सांगितलं की मागोमाग खुलासा येतोच. ‘लहानपणीच्या आठवणी आहेत ना’, ‘डोकं बाजूला ठेवून बघायचा असतो’, नाहीतर सरळ ‘गिल्टी प्लेझर’. म्हणजे पोट धरून हसायचं आणि वर त्याची माफीही मागायची. मला ही माफी अनाठायी वाटते. हा सिनेमा मोठेपणी आवडतो तो आठवणींमुळे नव्हे. लहानपणी जो भाग आपण सोड्याची बाटली आणायला उठण्यात घालवला, तो मोठेपणी पहिल्यांदा दिसतो म्हणून आवडतो.

आधी थोडी उजळणी. १६ नोव्हेंबर १९९० ला हा सिनेमा अमेरिकेत लागला. लेखन जॉन ह्यूजचं, दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचं (पुढे पहिले दोन ‘हॅरी पॉटर’ त्यानंच केले) आणि संगीत जॉन विल्यम्सचं. खर्च सुमारे १.८ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ४७ कोटींच्या वर. गोष्ट एका ओळीत मावते: शिकागोजवळच्या उपनगरातलं मॅकॅलिस्टर कुटुंब नाताळसाठी पॅरिसला जातं आणि आठ वर्षांच्या केविनला घरीच विसरतं.

आता हे ‘विसरतं’ कसं घडतं ते बघा. आदल्या रात्री जेवताना भांडण होतं, दूध सांडतं, आणि केविनला शिक्षा म्हणून माळ्यावर झोपायला पाठवतात. रात्री वाऱ्यानं फांदी पडते, वीज जाते आणि गजर होत नाही. सकाळी घरात पंधरा माणसांची पळापळ. शेजारचा एक आगाऊ पोरगा सामानात डोकं खुपसून उभा असतो, आणि मुलं मोजणारी चुलतबहीण पाठमोऱ्या त्यालाच केविन समजून मोजते. अकरा मुलं हवीत, अकरा भरतात. विमानतळावर एक तिकीट जास्तीचं उरायला हवं, पण तेही उरत नाही. दूध पुसताना ओल्या कागदांबरोबर केविनचं तिकीट रात्रीच कचऱ्यात गेलेलं असतं. एकही दुवा ढिला नाही. आणि कुणीही दुष्ट नाही. मोजदाद बरोबर आणि तरी माणूस गायब, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्या कुणालाही पटावं. रहस्यकथेच्या लेखकानं हेवा करावा अशी ही बांधणी आहे. फक्त ती विनोदी सिनेमात असल्यामुळे तिच्याकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही.

‘होम अलोन’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते सापळे. बर्फाळलेल्या पायऱ्या, लालबुंद तापलेली दाराची मूठ, डोक्यावर पडणारी इस्त्री, दोरीला बांधून सोडलेले रंगाचे डबे. प्रत्यक्षात १०३ मिनिटांच्या सिनेमात हा प्रकार फार तर शेवटची वीस मिनिटं चालतो. त्याआधी तासभर आपण एका पोराला एकटं राहायला शिकताना बघतो. पहिल्या दिवशी पलंगावर उड्या, आइस्क्रीमचा डोंगर, मोठ्यांनी मनाई केलेला सिनेमा. मग हळूहळू कपडे धुणं येतं, कूपन घेऊन वाणसामान आणणं येतं. तळघरातली घर तापवणारी भट्टी त्याला राक्षसासारखी वाटते. एका क्षणी तो तिला गप्प बस म्हणतो आणि कामाला लागतो. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन पहिल्यांदा एकट्यानं राहिलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. स्वातंत्र्याचा पहिला आठवडा मॅगीचा असतो, दुसरा भांडी घासण्याचा.

आणि सापळ्यांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपण हमखास विसरतो. ते शेवटी पुरे पडत नाहीत. चोर केविनला पकडतात, शेजारच्या घरात दाराच्या खुंटीला लटकवतात. त्याला सोडवतो तो म्हातारा मार्ली, हातातल्या फावड्यानं. याच माणसाबद्दल केविनच्या थोरल्या भावानं खुनाच्या कंड्या पिकवलेल्या असतात, आणि यालाच बघून केविन आधी किंचाळत पळालेला असतो. नावात ‘अलोन’ असलेला हा सिनेमा एकट्यानं जिंकण्याची गोष्ट सांगतच नाही.

मार्ली आणि केविन यांची खरी भेट होते चर्चमध्ये, नाताळच्या आदल्या संध्याकाळी. म्हातारा तिथं आलाय तो नातीचं गाणं ऐकायला, कारण मुलाशी भांडण होऊन वर्षं उलटलीत आणि मुलाच्या घरी त्याला जागा नाही. केविन त्याला सांगतो की मलाही तळघराची भीती वाटायची, खाली जाऊन दिवा लावला आणि संपलं. मुलाला फोन करा, फार तर तो बोलणार नाही, पण निदान कळेल तरी. म्हाताऱ्याकडे यावर उत्तर नसतं. लहानपणी हा प्रसंग म्हणजे चोर येण्याआधीचा कंटाळा. मोठेपणी तोच सिनेमाचा कणा वाटतो, कारण तोवर आपल्याही घरात एखादा काका, एखादी आत्या असते, जिच्याशी बोलणं का थांबलं हे आता नेमकं कुणालाच सांगता येत नाही. कोलंबस इथं कॅमेरा फारसा हलवत नाही. मागं मुलांचा गायनवृंद गातो, आणि विल्यम्सचं संगीत त्या बोलण्यावर चढून बसत नाही. उपदेशाला पूर्ण वाव असताना दोघं घाबरलेली माणसं नुसती शेजारी बसून राहतात.

पण मोठेपणी सिनेमा खरा हातात घेते ती आई. कॅथरीन ओ’हाराची केट. विमानात तिला आठवतं की काहीतरी राहिलंय, गॅरेजचं दार? कॉफीचं यंत्र? आणि मग तिची ती किंकाळी. पॅरिसला उतरल्यावर परतीच्या विमानात जागा नसतात. बाकीचे थांबतात, ती थांबत नाही. एका वृद्ध जोडप्याला कानातले, घड्याळ, रोकड देऊ करून तिकीट मिळवते. तिथून डॅलस, मग स्क्रँटन, आणि पुढे वाट बंद. तिथं भेटतो जॉन कँडीचा गस पोलिन्स्की, पोल्का वाजवणाऱ्या टोळीचा म्होरक्या, आणि ही बाई भाड्याच्या ट्रकमध्ये वादकांच्या मधोमध बसून रात्रभर प्रवास करते. धीर द्यायला गस सांगतो की आपणही एकदा पोराला अंत्यसंस्काराच्या जागी मृतदेहाजवळ दिवसभर विसरलो होतो. सहा-सात आठवड्यांनी बोलायला लागलं पुन्हा पोरगं. एखाद्याचं सांत्वन याहून वाईट करता येणार नाही, आणि तरीही त्यात माया आहे.

सकाळी ती घरी पोचते. मायलेकांची गळाभेट होते. आणि दोन मिनिटांत दार उघडतं: नवरा आणि उरलेली सगळी फौज हजर! जिची वाट बघायला ती तयार नव्हती, तीच सकाळची फ्लाइट पकडून ते आरामात आलेले. दोन दिवसांच्या त्या वणवणीनं तिनं कमावलं काय, तर दोन मिनिटं.

हा या सिनेमातला सर्वोत्तम विनोद आहे, आणि तो लहान मुलांना कळत नाही. हिशेबानं बघितलं तर तिची सगळी धडपड वाया गेली. सिनेमा या हिशेबावर हसतो, पण तिच्यावर हसत नाही. कारण थांबणं तिला शक्यच नव्हतं. दिवाळीला आरक्षण न मिळाल्यावर उभ्यानं रात्र काढून पहाटे गावच्या स्टँडवर उतरलेल्यांना यात समजावण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनंही पोचता आलंच असतं की.

याच ठिकाणी सिनेमाची मोठी खोटही दिसते. केविनचं तिकीट कचऱ्यात टाकलं कुणी? बापानं. सिनेमा ते आपल्याला स्पष्ट दाखवतो, आणि नंतर एका शब्दानंही त्याची आठवण काढत नाही. अपराधीपणाचं ओझं सगळं आईच्या खांद्यावर. बाप पॅरिसमध्ये मुलांपाशी थांबतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. आपण वाईट आई आहोत का, हा प्रश्न केट ट्रकमध्ये उघडपणे विचारते. वाईट बाप हा प्रश्न पटकथेला पडतच नाही. १९९० चा सिनेमा म्हणून हे सोडून देता येईल, पण ३५ वर्षांनंतरही घरोघर डबा विसरला, लस चुकली, पालकसभा राहिली की नजर पहिली कुणाकडे वळते, ते आठवलं की सोडवत नाही. शिवाय पंधरा जणांना घेऊन पॅरिसला निघणारं हे घर किती श्रीमंत आहे, याकडेही सिनेमा चोरांच्याच नजरेनं बघतो.

आणि ती मारहाण? मोठेपणी इस्त्री पडताना डोळे मिटतात, खरं आहे. पण ती बेतलेली आहे कार्टूनच्या नियमांवर: माणूस सपाट होतो, उठतो, पुन्हा सापळ्यात पाय टाकतो. त्याच वर्षीच्या ‘गुडफेलाज’मध्ये अंगावर काटा आणणारा आणि त्यासाठी ऑस्कर मिळवणारा जो पेशी इथं शिव्या गिळून नुसता पुटपुटत राहतो. तो विनोदी दिसायचा प्रयत्न करत नाही, म्हणूनच हसू येतं.

यंदा डिसेंबरमध्ये लावलात तर सापळे संपल्यावर मोबाइल हातात घेऊ नका. खिडकीतून केविनला समोर मार्ली दिसतो, नातीला कडेवर घेतलेला; त्यानं फोन केला होता तर. दोघं एकमेकांना हात करतात. डोळे भरून यायची वेळ झालेली असते, आणि नेमका तेव्हाच वरून थोरल्या भावाचा आवाज येतो: माझ्या खोलीचं काय करून ठेवलंस! केविन पळत सुटतो. घर पुन्हा भरलेलं आहे, आणि भरलेल्या घरात पहिलं काय होतं, तर भांडण.