द्वारपालाची आशा आणि दशावताराची संहिता

सिंधुदुर्गातील दशावताराला लिखित संवाद नसतात. आख्यान ठरते आणि बोलणे रंगमंचावरच घडते, हे आता सर्वमान्य आहे. या उत्स्फूर्ततेचे श्रेय समीक्षा नटाच्या पुराणज्ञानाला, हजरजबाबीपणाला देते. बक्षिसाचा उल्लेख झालाच तर तो अर्थव्यवहारात, म्हणजे प्रयोगाबाहेर. ही विभागणी मला मान्य होत नाही.

मालवण-वेंगुर्ल्याकडची जत्रेची रात्र. देवळापुढे एका बाकड्याचेच सिंहासन झालेले असते आणि बाजूला द्वारपाल उभा असतो. त्याची बिदागी ठरलेली, तुटपुंजी. राजाला बक्षीस मिळणे अपेक्षितच. द्वारपालाला मिळालेच तर अवचित. म्हणून तो नुसती वर्दी देऊन थांबत नाही. राजाची मराठी ग्रांथिक, याची मालवणी. गावातली एखादी ताजी गोष्ट तो वर्दीत मिसळतो, हशा आला की वाक्य लांबवतो. कोणी नोट घेऊन उठले तर आख्यान थबकते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, कथा पुढे सरकते.

तमाशातला दौलतजादा येथे आठवेल. पण तेथे पैसा फर्माइशीचा, येथे तो बोलून झालेल्या वाक्याच्या मागून येतो. वाक्याच्या आधी असते ती केवळ आशा, आणि तीच त्याची लांबी, त्यातले विराम ठरवते. याला लाचारी म्हणणे सोपे आहे (लोककलेचे भाबडे गौरवीकरण त्याहून सोपे).

पुष्कळदा कोणीच उठत नाही. तरीही ते लांबवलेले वाक्य प्रयोगात राहते, आणि ध्वनिमुद्रणावरून संहिता सिद्ध करणारा अभ्यासक ते पाल्हाळ समजून गाळतो.