ज्यूरीच्या यादीचें वाचन : एका निवाड्याचा परामर्श

जुन्या महजराची विश्वसनीयता ठरवितांना संशोधक निर्णयाआधीं सभासदांची यादी तपासतो. तीच दृष्टि ठेवून आम्हीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा ‘एडमन्सन विरुद्ध लीजव्हिल काँक्रीट कंपनी’ हा निवाडा वाचला.

लुइझियानांत कामावर जखमी झालेल्या कृष्णवर्णीय बांधकाम-मजुरानें नुकसानभरपाई मागितली. कारण न देतां तीन ज्यूरर वगळण्याचा हक्क कंपनीस होता. त्यांतील दोन वेळां तिनें कृष्णवर्णीयच वगळले. बारांत एक उरला. नुकसान ९०,००० डॉलर ठरलें. परंतु ८० टक्के दोष मजुराचाच मानून निकाल १८,००० चा झाला.

खासगी पक्षकारासही वर्णावरून ज्यूरर वगळतां येणार नाहीं, कारण वगळण्याची आज्ञा शेवटीं न्यायाधीशच देतो, असें न्यायमूर्ति केनेडी यांनीं प्रतिपादिलें. हा युक्तिवाद आम्हांस ग्राह्य वाटतो. उणीव पुढें आहे. वर्णाशीं असंबद्ध असें एखादें कारण पुढें करून वकिलास निसटण्यास वाव राहतो. हेतु निषिद्ध झाला, साधन तसेंच राहिलें.

शत्रुमित्रांविषयीं समबुद्धि असे सभासद राजानें नेमावे, असें याज्ञवल्क्य सांगतो. येथें वगळणें पक्षकारांच्या हातीं आहे. तस्मात् ज्यूरीचें मन वळविण्यास आरंभ भाषणापासून नव्हे, यादीपासूनच होतो.