लोकप्रिय संगीतातील वांशिक अस्मिता आणि लोकप्रतिक्रिया : एक चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताची समीक्षा करताना सामान्यतः शब्द, चाल आणि गायन यांचा विचार केला जातो. गाणे ऐकून समाजाने काय केले, हा प्रश्न समाजशास्त्राच्या कक्षेत ढकलला जातो. वांशिक अभिमान आणि निषेध व्यक्त करणाऱ्या अमेरिकन गीतांच्या बाबतीत मात्र ही विभागणी टिकत नाही. कारण त्यांवर उमटलेली लोकप्रतिक्रिया ही त्यांच्या अर्थाचाच एक भाग होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखात १९३९ ते २०१६ या काळातील चार प्रसंगांच्या आधारे या प्रतिक्रियेचे स्वरूप तपासले आहे. वरकरणी आक्षेप गीतातील आशयाला असतो. प्रत्यक्षात ते गीत कोणत्या व्यासपीठावरून आणि कोणाला उद्देशून गायले गेले, यावर त्या आक्षेपाची तीव्रता ठरते, असे या प्रसंगांवरून दिसते.

‘प्रचार’ आणि असभ्यतेचा आरोप

‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधील ज्यू शिक्षकाने लिहिले. झुंडीने झाडाला लटकावून मारलेल्या कृष्णवर्णीयांचे देह हा त्याचा विषय. १९३९ मध्ये बिली हॉलिडे हिने ते ‘कॅफे सोसायटी’त गायला सुरुवात केली. काळे आणि गोरे श्रोते एकत्र बसू शकत अशा त्या काळच्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक होते. कार्यक्रमाच्या अखेरीस वेटरांची ये-जा थांबविली जाई, दिवे मालविले जात आणि केवळ गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश राही. या लहानशा खोलीत जे चालले ते बाजारात चालेना. कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रणास नकार दिला आणि हॉलिडेला ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीकडे जावे लागले. ‘टाइम’ साप्ताहिकाने या गीताची संभावना कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा सांगीतिक प्रचार अशी केली. याच ‘टाइम’ने १९९९ च्या अखेरीस त्याला शतकातील सर्वश्रेष्ठ गीत ठरविले. साठ वर्षांत गीताचा एकही शब्द बदललेला नव्हता.

‘प्रचार’ हा शब्द मराठी समीक्षेलाही अपरिचित नाही. दलित साहित्याच्या पहिल्या बहराच्या काळात तो किती सढळपणे वापरला गेला, हे सर्वश्रुत आहे. प्रेमगीत प्रेमाचा प्रचार करते, असे कोणी म्हणत नाही. ज्या अनुभवाला वाचक-श्रोता आपला मानत नाही, त्याच अनुभवाच्या अभिव्यक्तीवर हा शब्द चिकटतो.

आक्षेपाची भाषा नेहमीच इतकी उघड नसते. नीना सिमोन ही अभिजात संगीताचे शिक्षण घेतलेली पियानोवादक. जून १९६३ मध्ये मिसिसिपीत मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली आणि सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅम येथील चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या. या घटनांनंतर तिने ‘मिसिसिपी गॉडॅम’ रचले. १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ते सादर झाले तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात प्रारंभी श्रोत्यांचे हसणे ऐकू येते. चाल एखाद्या हलक्याफुलक्या संगीतिकेतील वाटावी अशी आहे. हसू पुढे विरत जाते. दक्षिणेतील काही नभोवाणी केंद्रांनी हे गीत वाजविणे नाकारले. एका विक्रेत्याने तर खोकेभर ध्वनिमुद्रिका मोडून परत पाठविल्या, असे सिमोनने नमूद केले आहे. नकारासाठी शीर्षकातील शापवचन हे सोयीचे कारण होते. गीताच्या विषयाला उत्तर देण्यापेक्षा त्याच्या सभ्यतेवर बोट ठेवणे केव्हाही सोपे असते.

जेम्स ब्राउन : दोन्हीकडून रोष

पहिल्या दोन गीतांत निषेध मुख्य आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये जेम्स ब्राउनने ध्वनिमुद्रित केलेल्या ‘से इट लाउड – आय अ‍ॅम ब्लॅक अँड आय अ‍ॅम प्राउड’ या गीतात अभिमान मुख्य आहे, आणि येथेच प्रतिक्रियेचे स्वरूप गुंतागुंतीचे होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल रोजी, बॉस्टन येथील ब्राउनचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित करण्यात आला. लोक घरी थांबावेत हा त्यामागील हेतू होता. म्हणजे एप्रिलमध्ये जो गायक शांतता राखणारा म्हणून गौरविला गेला, तोच वर्ष संपण्यापूर्वी गोऱ्या श्रोत्यांच्या एका वर्गाला धोकादायक वाटू लागला.

हे गीत कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत सहा आठवडे प्रथम क्रमांकावर होते, तर सर्वसाधारण यादीत ते दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. या गीतामुळे आपला बराच गोरा श्रोतृवर्ग दुरावला, असे ब्राउन पुढे सांगत असे. त्याच्या आत्मचरित्रानुसार घोषणेला प्रतिसाद देणाऱ्या मुलांच्या समूहात बहुतांश मुले गोरी आणि आशियाई वंशाची होती. ज्यांना वगळल्याची तक्रार झाली, त्यांचीच मुले त्या ध्वनिमुद्रिकेत गात होती!

दुसऱ्या बाजूचा रोषही दुर्लक्षून चालणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे गुणगान करणारे गीत प्रसिद्ध केल्याबद्दल आणि पुढे १९७२ मध्ये निक्सन यांना पाठिंबा दिल्याबद्दल कृष्णवर्णीयांनीच ब्राउनवर टीका केली. अस्मितेचे गीत गाणाऱ्याकडून त्याचा समाज आयुष्यभराच्या निष्ठेची अपेक्षा करतो. ही अपेक्षा समजण्याजोगी आहे, परंतु तिच्या आधारे गीताचे मूल्यमापन होऊ शकत नाही. ब्राउनचे १९७२ चे राजकारण कितीही खटकले तरी ‘ब्लॅक’ या हिणवणाऱ्या शब्दाला अभिमानाचा शब्द बनविण्यात १९६८ च्या गीताचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

बियॉन्से आणि राष्ट्रीय व्यासपीठ

६ फेब्रुवारी २०१६ रोजी बियॉन्सेने ‘फॉर्मेशन’ हे गीत दृश्यफितीसह प्रकाशित केले. पुरात बुडणारी पोलिसांची गाडी आणि शस्त्रसज्ज पोलिसांसमोर नाचणारा लहान मुलगा ही त्यातील दृश्ये. दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे ‘सुपर बोल’च्या मध्यांतरात तिने हे गीत सादर केले. हा सामना अकरा कोटींहून अधिक लोक पाहत होते. सोबतच्या नर्तिकांनी ब्लॅक पँथर पक्षाची आठवण करून देणाऱ्या काळ्या टोप्या घातल्या होत्या. जवळच्याच ओकलंड शहरात त्या पक्षाची स्थापना होऊन पन्नास वर्षे होत होती. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच पक्षावरून घेतले असल्याने मराठी वाचकाला या वेशाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी हा पोलिसांवरील हल्ला असल्याचे म्हटले. मियामीतील पोलीस संघटनेने तिच्या कार्यक्रमाच्या बंदोबस्तावर बहिष्काराचे आवाहन केले. टॅम्पा येथील पोलीस दलाने मात्र आपले कर्मचारी बंदोबस्तासाठी स्वेच्छेने नावे नोंदवीत असल्याचे जाहीर केले. येथे एक तपशील निर्णायक आहे. दृश्यफितीतील पोलिसांची दृश्ये मैदानावरील सादरीकरणात नव्हती. तेथे होते ते वेश आणि नृत्यरचना. तरीही रोष उसळला तो मैदानावरील सादरीकरणानंतर. सुपर बोल हा अमेरिकन कुटुंबाचा जणू सण, आणि त्या सणाच्या अंगणात हे गीत नको, असा या रोषाचा खरा अर्थ होता. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमातील १३ फेब्रुवारीच्या प्रहसनाने यावर नेमके बोट ठेवले. आपली आवडती गायिका कृष्णवर्णीय आहे, याचा गोऱ्या चाहत्यांना अचानक लागलेला शोध आणि त्यातून उडालेली घबराट हा त्याचा विषय होता. विद्वत्तापूर्ण विवेचनापेक्षा या काही मिनिटांच्या विनोदाने अधिक सांगितले, असे म्हणावे लागते.

रोष हा निकष ठरतो का?

या विवेचनातून एक मोह निर्माण होतो. ज्या गीतावर अधिक टीका झाली ते अधिक क्रांतिकारी, असे समीकरण सहानुभूतीने लिहिणारे समीक्षक नकळत स्वीकारतात. बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी विचारवंतांनी मे २०१६ मध्ये बियॉन्सेच्या ‘लेमोनेड’ या संग्रहावर लिहिताना नेमका हा मोह टाळला. कृष्णवर्णीय स्त्रीदेहाचे गौरवपर चित्रण स्वागतार्ह मानूनही तो देह अखेर विकाऊ वस्तूच राहतो, असा त्यांचा आक्षेप होता. अनेक कृष्णवर्णीय लेखिकांनी त्यांचा तीव्र प्रतिवाद केला. हुक्स यांची भूमिका काहीशी कठोर आहे. बाजारात आलेली प्रत्येक अभिव्यक्ती बाजारापुरतीच उरते असे मानले, तर ‘स्ट्रेंज फ्रूट’चीही बोळवण करावी लागेल. परंतु जुलियानींच्या टीकेला उत्तर देण्याच्या भरात हुक्स यांच्या टीकेलाही त्याच रांगेत बसविणे अन्यायाचे होते. पहिल्या टीकेत गीत ऐकण्यास नकार होता, तर दुसरी बारकाईने पाहण्यातून आली होती.

बहिष्काराचे आवाहन झाले होते त्याच मियामी शहरात २७ एप्रिल २०१६ रोजी बियॉन्सेच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. तेथील विक्रीच्या टेबलावर ‘बियॉन्सेवर बहिष्कार टाका’ अशा आशयाची घोषणा छापलेले टी-शर्ट गायिकेच्याच वतीने विक्रीस ठेवलेले होते. हॉलिडेला ज्या रोषापायी कंपनी बदलावी लागली, त्याच जातीचा रोष येथे मालाच्या यादीत जाऊन बसला होता.