चारशे दिवस, चारशे गुण

रोज नेमाने एखादी गोष्ट करायची आणि वर्षभरात स्वतःला बदलून दाखवायचे, असा संकल्प पुष्कळ जण करतात. कोणी धावतो, कोणी रोजनिशी लिहितो, तर कोणी स्पर्धेच्या खेळात उतरतो. खेळाचा फायदा असा, की तिथे झालेली प्रगती आकड्यात दिसते. मायकल दे ला माझा या अमेरिकन हौशी बुद्धिबळपटूचे ‘रॅपिड चेस इम्प्रूव्हमेंट’ (२००२) हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक म्हणजे अशाच एका संकल्पाची हकीकत आहे. ‘चारशे दिवसांत चारशे गुण’ या त्याच्या आधीच्या लेखनातून ते तयार झाले. आम्ही ते वाचले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून. शिकणे कसे घडते, याविषयी हे पुस्तक काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

आधी हे गुण म्हणजे काय ते पाहू. मिलवॉकी येथे भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंची ताकद मोजण्याची एक पद्धत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. यातला आकडा एकट्याने पाहिला तर त्याला अर्थ नसतो. दोन खेळाडूंच्या आकड्यांतला फरक महत्त्वाचा. विजयाला १ आणि बरोबरीला अर्धा गुण धरला, तर २०० चा फरक असताना वरचढ खेळाडू १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवील. फरक ४०० चा असेल, तर सुमारे ९१ मिळवील. लेखकाचा आकडा जुलै १९९९ मध्ये १३२१ होता, तो जुलै २००१ पर्यंत २०४१ झाला. फरक ७२० चा. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा लेखक आणि आताचा लेखक यांच्यात १०० डाव झाले, तर जुन्याच्या वाट्याला जेमतेम दीड गुण येईल! २००१ साली फिलाडेल्फियाच्या ‘वर्ल्ड ओपन’ स्पर्धेत २००० च्या आतील खेळाडूंचा गटही त्याने जिंकला. प्रौढ वयात एवढी मजल मारणे ही थट्टा नव्हे.

हे त्याने कसे साधले? डावाच्या आरंभीच्या चालींची पुस्तके त्याने बाजूला ठेवली आणि सगळा भर डावपेचांच्या कोड्यांवर दिला. घोडा एकाच चालीत राजा आणि हत्ती दोघांवर चालून जातो, अशा प्रकारची ही कोडी. एक हजार कोडी घ्यायची आणि ती ६४ दिवसांत सोडवायची. मग तीच पुन्हा ३२ दिवसांत, मग १६, ८, ४, २ आणि शेवटी एका दिवसात. अशी सात आवर्तने, एकूण १२७ दिवस. पहिल्या फेरीत रोज पंधरा-सोळा कोडी येतात. शेवटच्या दिवशी सोळा तास जागून बसले, तरी एका कोड्याला मिनिटभरही मिळत नाही. तेव्हा शेवटी आपण विचार करत नाही, ओळखतो.

हे ‘ओळखणे’ हाच पुस्तकाचा बळकट भाग आहे, आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ साली दाखवले, की अव्वल खेळाडू चांगल्या खेळाडूपेक्षा फार पुढच्या चाली मोजत नाहीत. पण योग्य चाल त्यांच्या नजरेत लवकर येते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी अमेरिकेत याचाच पुढचा प्रयोग केला. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडूला सुमारे १६ मोहरे जागच्या जागी मांडता आले, नवशिक्याला चारच. मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती मुळात अचाट नव्हती. त्याच्या मनात डावांतील ओळखीच्या रचना साठलेल्या होत्या. आपणही वाचताना ‘क’ला काना ‘का’ असे करत बसत नाही, अख्खा शब्द ओळखतो, तसेच हे.

आता आमचे आक्षेप.

पहिला आक्षेप वेळापत्रकाविषयी. या पद्धतीत एकाच कोड्याच्या दोन भेटींमधले अंतर घटत जाते. स्मरणाचा नियम उलटा आहे. अभ्यासाच्या दोन वेळांमध्ये अंतर राखले, तर शिकलेले जास्त टिकते, हे जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच नोंदवले होते आणि नंतरच्या असंख्य प्रयोगांत ते पक्के झाले. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते, पण पुढच्या सत्रात ती कुठे असते? शिवाय तीच हजार कोडी सातव्यांदा सोडवणारा माणूस डावपेच ओळखतो, की नुसते ते कोडेच, हे पुस्तकातून उलगडत नाही. खऱ्या डावात ‘इथे कोडे आहे’ असे कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका माणसाचा अनुभव इथे सर्वांसाठी नियम म्हणून मांडला आहे. ज्यांनी हेच केले आणि ज्यांचा आकडा हलला नाही, ते पुस्तक लिहीत नाहीत. अर्जेंटिनातील खेळाडूंवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘मास्टर’ दर्जा गाठायला कोणाला सुमारे ३,००० तासांचा सराव पुरला, तर कोणाला २३,००० हून अधिक तास लागले. एवढी तफावत असताना ‘इतके दिवस करा, इतके गुण मिळवा’ असे वचन देणे धोक्याचे आहे. वर्षभर इमानाने मेहनत करणारा मुलगा मागे राहिला, तर तो पद्धतीला दोष देत नाही, ‘मलाच डोके नाही’ असे म्हणतो. वर्गात हे आपण रोज पाहतो.

तिसरा प्रश्न पुस्तकापुरता नाही, तो संकल्पाचाच आहे. खेळात सुधारलेला माणूस एकूणही सुधारतो का? अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने दीड वर्षाहून अधिक काळात सुमारे २३० तास आकडे लक्षात ठेवण्याचा सराव केला. आधी तो एका वेळी सात आकडे सांगू शकत होता, शेवटी ७९ सांगू लागला. हा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरे दिली. तो पुन्हा सहावर आला! सराव ज्याचा केला, तेच वाढले होते.

बुद्धिबळाचेही असेच दिसते. इंग्लंडमधील १०० प्राथमिक शाळांत एक मोठी चाचणी झाली. निम्म्या शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सुमारे ३० तास बुद्धिबळ शिकवले, उरलेल्या शाळांत नाही. वर्षभरानंतर गणिताच्या परीक्षेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हा अहवाल २०१६ चा आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा यशानंतर ‘शाळेत बुद्धिबळ सुरू करा, गणित सुधारेल’ अशी मागणी पालकांकडून आली तर नवल नाही. बुद्धिबळ जरूर सुरू करावे, पण ते बुद्धिबळासाठी. गणित सुधारायचे असेल, तर गणितच शिकवावे लागेल.

मग या पुस्तकातून घ्यायचे काय? लेखकाने नुसते डाव खेळून मजल मारलेली नाही, हे बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. खेळाडूंच्या २००५ मधील एका मोठ्या पाहणीतही हेच निघाले: एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचा खेळाच्या ताकदीशी सर्वांत जवळचा संबंध होता, स्पर्धांत खेळलेल्या तासांचा त्याहून कमी. नुसते रोज खेळत राहिले, तर जुन्या चुकाही पक्क्या होतात. लेखकाने आपल्या उणिवेवर नेमके बोट ठेवले, ती भरून काढण्याजोगा सराव निवडला आणि स्पर्धेत उतरून तो तपासला. या तीन गोष्टी एकत्र क्वचितच येतात.

पुस्तक शिक्षकांनी वाचावे, मात्र हातात पेन्सिल घेऊन. वर्गात बुद्धिबळ असेल, तर मुलांना आपल्या चाली लिहून ठेवायला सांगावे. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी पटावर पुन्हा मांडावा आणि तो नेमका कुठे फिरला ते मुलांनाच शोधू द्यावे. गणिताच्या चुकलेल्या उदाहरणालाही हेच लागू आहे. तिथे मात्र आपण बहुधा लाल रेघ मारून पुढे जातो.