मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा माणूस मंडालेत

रत्नागिरीत एका दिवसात काय काय बघायचं, याची यादी सगळ्यांच्या फोनवर साधारण सारखीच असते. टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीचा एक फोटो आणि संध्याकाळी मांडवी. यादी चुकीची नाही, पण त्यातली पहिली दोन ठिकाणं आपण दोन वेगळे विषय असल्यासारखी बघतो. टिळकांच्या कौलारू घरात आपण देशभक्त होतो आणि राजवाड्यात हळवे. दोन्हीकडे अर्धीच गोष्ट ऐकून बाहेर पडतो.

आधी राजवाडा. त्याला ‘राजवाडा’ म्हणण्यातच पहिली गफलत आहे. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं. मद्रासमार्गे १८८६मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं. आज आपण बघतो ती लालसर, उतरत्या छपरांची इमारत १९१०मध्ये तयार झाली आणि डिसेंबर १९१६मध्ये थिबा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातली जेमतेम शेवटची सहा वर्षं या वास्तूत गेली. आधीची चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या दुसऱ्या घरांमध्ये. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’मधला, दुर्बिणीतून समुद्र न्याहाळणारा राजा मनात घेऊन पुष्कळ जण इथल्या सज्जात उभे राहतात. पण कादंबरीतला तो सज्जा या इमारतीचा नाहीच, आधीच्या बंगल्याचा आहे.

ही इमारत सरकारने बांधून दिली, भत्ता सरकारने ठरवला आणि तो पुरेना म्हणून राजघराण्याने माणकं विकली. त्यामुळे दालनांची भव्यता बघताना प्रश्न ‘राजा किती थाटात राहत होता’ हा नाही. एखाद्याला देखण्या घरात ठेवून कैदेत कसं ठेवता येतं, हा आहे.

आता टिळक. १८५६मध्ये याच गावात जन्म. १९०८मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा, आणि रवानगी कुठे? मंडालेला. तिथला तुरुंग थिबाच्या जुन्या राजनगरीच्या तटबंदीच्या आत होता. तेव्हा त्या तटबंदीला एका इंग्रज व्हाइसरॉयचं नाव होतं, फोर्ट डफरिन. तिथे, पानं मोजून दिलेल्या वह्यांवर शिसपेन्सिलीने, टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीतल्या नव्या घरात राहायला गेला त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेला माणूस त्या राजाच्या कोटात कैदी म्हणून लिहीत बसला होता.

हा योगायोग म्हणून सोडून देता येतो. पण त्याआधी दिल्लीचा बहादूरशहा जफर रंगूनला पाठवला गेला होता आणि १८६२मध्ये तिथेच वारला. नंतर, १९२४पासून, सावरकरांना स्थानबद्ध करायलाही रत्नागिरीच निवडली गेली. माणसाला त्याची भाषा आणि त्याचे लोक नसतील अशा जागी नेऊन ठेवायचं किंवा निदान हमरस्त्यापासून दूर बसवायचं, ही कारभाराची पद्धत होती. समुद्र ही तिची सोय होती. ज्या किनाऱ्यावर आपण मोकळं वाटावं म्हणून जातो, तो सरकारच्या नकाशावर कुंपण होता.

दोघांना एका पारड्यात तोलायचं कारण नाही. टिळक आपल्या लेखणीमुळे तुरुंगात गेले. थिबाच्या राजवटीच्या सुरुवातीलाच, १८७९मध्ये, गादीचे वारस ठरू शकणाऱ्या त्याच्याच नात्यातल्या अनेकांची कत्तल झाली होती. त्यामुळे राजवाड्यात नुसतं हळहळणंही अपुरंच. शिक्षा भोगणारा साधू असायलाच हवा, असं नाही. त्याला शिक्षा देण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला, हा प्रश्न तरीही उरतो.

आणि राजवाड्याच्या फाटकाशी गोष्ट संपतही नाही. राणी सुपायालत १९१९मध्ये ब्रह्मदेशी परतली, थिबाचा देह मात्र इथेच राहिला. थोरल्या राजकन्येला राजघराण्याच्या चाकरीतल्या एका स्थानिक माणसापासून मुलगी झाली, टुटू. ती रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, गरिबीत संसार केला आणि इथेच म्हातारी होऊन गेली. तिच्या आयुष्याला सज्जा नव्हता, म्हणून ते फोटोत येत नाही. पण हद्दपारीचा हिशेब राजापेक्षा तिच्याकडे जास्त खरा मिळतो, कारण तिला परत जायला दुसरा देशच उरला नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी यादीत एक भर घाला. राजवाड्यातून निघाल्यावर थिबाच्या समाधीपर्यंत जा. २०१२मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले होते. मग टिळकांच्या घरी जा, आणि तिथे ‘मंडाले’ हा शब्द दिसला की आत्ताच बघून आलेली ती समाधी आठवा.