ऑस्ट्रेलियातील कार्बन किंमत : व्हायालाविषयीच्या भाकिताची चिकित्सा

१ जुलै २०१२ रोजी गिलार्ड सरकारने कार्बन उत्सर्जनावर प्रतिटन २३ ऑस्ट्रेलियन डॉलर किंमत लागू केली. यामुळे व्हायाला हे पोलादनगर नकाशावरून पुसले जाईल, असे भाकीत विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी २०११ मध्येच वर्तविले होते. प्रचारात ते प्रभावी ठरले. आर्थिकदृष्ट्या मात्र पोकळ होते. जागतिक स्पर्धेतील सर्वाधिक उत्सर्जनप्रवण उद्योगांना आरंभी उद्योग-सरासरीच्या ९४.५ टक्के परवाने मोफत मिळत होते. पोलादासाठी स्वतंत्र साहाय्यही होते. अर्थात, २०१० च्या निवडणुकीपूर्वी कार्बन कर न लावण्याचे आश्वासन देणाऱ्या गिलार्ड यांनीच टीकेला धार पुरविली. जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द झाला. व्हायालाचा कारखाना चालविणारी एरियम कंपनी कर्जबाजारी होऊन प्रशासकांच्या हाती गेली ती एप्रिल २०१६ मध्ये.